जीभ शाबूत, तरी कॉफी कुजकी

‘करोनानंतर माझी चव गेली’ असं सांगणाऱ्या बहुतेकांची जीभ शाबूत असते. गेलेला असतो तो वास. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून कॉफीचा घोट घ्या. कडू लागेल, किंचित आंबट लागेल, पण ती कॉफी आहे हे ओळखणं कठीण जाईल. नाक सोडलं की घशामागून वाफ वर चढते आणि कॉफी ‘लागते’.

आपलं यात फार तर जेवणातलं मन उडतं. कॉफी चाखणाऱ्यांचं मात्र पोटच यावर. कपिंगमध्ये, म्हणजे कॉफी चाखून पारखण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, ८.२५ ग्रॅम भरड पुडीवर १५० मिलिलिटर गरम पाणी ओततात, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने फोडतात आणि नाक पेल्याला जवळजवळ टेकवून पहिला वास घेतात.

नुसता वास गेला तर एक वेळ ठीक. त्याहून छळणारा टप्पा बरं होताना येतो: कॉफीला जळक्या रबराचा किंवा सडक्या कचऱ्याचा वास येऊ लागतो. हा पॅरोस्मिया. २०२२मध्ये रेडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉफीतले वायू यंत्राने एकेक वेगळे करून अशा लोकांना हुंगायला दिले. सर्वाधिक लोकांना खुपलेला रेणू निघाला २-फ्युरानमिथेनथायॉल, म्हणजे निरोगी नाकाला ज्यामुळे ‘भाजलेल्या कॉफीचा’ वास येतो नेमका तोच!

असं का व्हावं? नाकात गंधग्राहींचे, म्हणजे वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांचे, सुमारे ४०० प्रकार असतात आणि प्रत्येक चेतापेशी साधारणपणे एकच प्रकार बाळगते. एक रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक चेतवतो. मेंदू ती सगळी जुळणी वाचतो. विषाणू मुख्यतः चेतापेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना गाठतो, पण त्यात चेतापेशीही कोलमडतात. सुदैवाने तळाच्या मूळपेशींपासून त्या पुन्हा उगवतात. त्यांचे तंतू हाडाच्या चाळणीतून वर मेंदूतल्या गंधकंदात जातात, जिथे एका प्रकारच्या सगळ्या तंतूंचा ठरलेला गुच्छ असतो. काही तंतू अजून पोचलेले नसतील, काही भलत्याच गुच्छात शिरले असतील, तर जुळणी अर्धवट उमटते. पेटीच्या निम्म्या पट्ट्या बसल्यावर ओळखीची चाल बेसूर वाटावी, तसं. कॉफीतला हा रेणू, हा थायॉल, अब्जांशाच्याही अंशात जाणवतो, म्हणून अर्धवट नाकालाही तो आधी सापडतो, आणि त्याला झाकणारे बाकीचे गंध गैरहजर असतात. हे स्पष्टीकरण पूर्ण सिद्ध नाही, पण मला तरी पटतं.

गुळात कालवलेलं जळकं संत्रं खाऊन वास परत आल्याचे व्हिडिओ त्या काळात फार फिरले. बऱ्याच जणांचा वास आपोआपच परततो, श्रेय संत्र्याला. त्यापेक्षा २००९मध्ये ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी तपासलेली पद्धत बरी: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. चाखणाऱ्यांकडे तर वास ओळखायच्या सरावाची ‘ल ने द्यू काफे’ ही ३६ कुप्यांची पेटी असतेच.

तोवर काम? कॉफीला गुण देणं बंद ठेवावं, हे स्पष्ट. पण आंबटपणा, कडवटपणा, घोटाचा जडपणा तोंडालाच कळतो. भट्टीवर पहिला तडका, म्हणजे भाजताना बिया तडकल्याचा आवाज, कानाने ऐकायचा असतो, तापमानाचा आलेख डोळ्याने पाहायचा असतो. नाक कितपत सावरलं हे तीन पेल्यांच्या चाचणीत कळतं: दोन सारखे, एक निराळा, तो शोधा, वासाला नाव देण्याची गरज नाही. आणि हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बियांच्या प्रतवारीत काळ्या मॅटवर ३५० ग्रॅम बिया पसरून काळ्या, किडक्या, फुटक्या वेचाव्या लागतात. छळणारा थायॉल तर भाजताना तयार होतो, त्यामुळे या टेबलावर त्याचा त्रास नाही.