प्रवाहवाटप, संहत उष्णता विनिमयकांतील

उष्णता विनिमयकात (एका प्रवाहाची उष्णता दोन्ही न मिसळता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणात) शिरलेला द्रव किंवा वायू त्यातील समांतर मार्गांत विभागला जाण्याची क्रिया. द्रवांच्या बाबतीत दर घनमीटरास सुमारे ४०० चौ. मी., वायूंच्या बाबतीत सुमारे ७०० चौ. मी. यांहून अधिक उष्णता-पृष्ठ (उष्णता ज्यातून जाते ते क्षेत्रफळ) असल्यास विनिमयक संहत (कॉम्पॅक्ट) मानण्याचा प्रघात आहे. बेळगाव, संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात साखर कारखान्यांच्या बॉयलिंग हाऊसमध्ये (रस तापवून आटवण्याच्या विभागात) व दुधाच्या पाश्चरीकरणात त्यांपैकी प्लेटांचा प्रकार (फ्रेममध्ये रांगेने आवळलेल्या प्लेटांमधील फटींतून प्रवाह नेणारा; बोलीत ‘पीएचई’) परिचित आहे.

या प्रकाराच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. काही लेखक अल्ब्रेख्त ड्राके यांच्या १८७८ च्या जर्मन पेटंटाकडे बोट दाखवतात. बहुतेक जण १९२३ च्या सुमारास इंग्लंडमधील एपीव्ही कंपनीचे रिचर्ड सेलिग्मन यांनी दुधासाठी केलेली रचना आद्य धरतात. प्रत्यक्ष वापरात रुळणे हा निकष लावल्यास दुसरा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो.

असमान वाटपाचे मूळ प्लेटांच्या तोंडांत, म्हणजे पोर्टांत असते. आत जाणारा प्रवाह पुढेपुढे विभागला जाऊन मंदावतो आणि त्याचा दाब काहीसा वाढतो. बाहेर पडणारा प्रवाह निर्गमाकडे वेग घेतो व तेथे दाब घटतो. आगम-निर्गम एकाच बाजूस असलेल्या ‘यू’ मांडणीत त्यामुळे सामान्यतः आगमाजवळच्या प्लेटांना जास्त प्रवाह मिळतो, तर विरुद्ध बाजूंच्या ‘झेड’ मांडणीत शेवटच्या प्लेटांना. बासिओनी व मार्टिन यांनी १९८४ मध्ये दोन्ही मांडण्यांचे गणिती विवेचन केले. त्यानुसार वाटप समान राहण्याच्या दृष्टीने ‘यू’ बहुधा सरस ठरते. पोर्टांतील दाबघट एकूण घटीच्या १० टक्क्यांच्या आत असावी, असा ढोबळ संकेत आहे.

साखर कारखान्याची गाळपक्षमता वाढवताना फ्रेममध्ये जागा आहे म्हणून प्लेटा वाढवण्याचा मोह होतो. पोर्ट मात्र तेवढेच राहते. वाटा वाढल्या की वाटप बिघडते आणि नव्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने उसाचा रस तापत नाही. ‘यू’ मांडणीतला असा संच हंगामानंतर उघडला, तर आगमाजवळच्या प्लेटा त्यामानाने स्वच्छ आणि टोकाच्या प्लेटांवर तपकिरी, खरखरीत पापुद्रा आढळू शकतो : कमी वेगाच्या वाटेत क्षार लवकर बसतात, वाट अरुंद होते आणि तिचा वाटा आणखी घटतो. दोष पुष्कळदा रस तापवणाऱ्या वाफेवर ढकलला जातो.

सुमारे ११० अंश से. पर्यंत तापवायच्या स्वच्छ रसाला साध्या प्लेटा चालतात. मिश्र रसात, म्हणजे गाळपातून आलेल्या पण अजून न निवळलेल्या रसात, उसाचा बारीक चोथा असतो. त्यासाठी रुंद फटीच्या प्लेटा किंवा जुने नळ्यांचे ज्यूस हीटर वापरतात.