आमदारकी राखून खासदारकी: राजीनाम्याच्या नियमाची पार्श्वभूमी

2024 च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूर आणि चंद्रपूर या दोन्ही मतदारसंघांत प्रमुख लढत दोन विद्यमान आमदारांमध्येच झाली. अर्ज भरण्यापूर्वी आमदारकीचा राजीनामा देण्याची सक्ती त्यांच्यापैकी कोणावरही नव्हती. निकालानंतर विजयी उमेदवारांना विधानसभेची जागा सोडावी लागली, पराभूत उमेदवारांची आमदारकी मात्र अबाधित राहिली. सरकारी कर्मचाऱ्याला निवडणूक लढवण्यासाठी आधी नोकरी सोडावी लागते; लोकप्रतिनिधीवर असे बंधन आपल्या कायद्याने कधीच घातलेले नाही.

संविधानाच्या कलम 101 ने एकाच वेळी संसद आणि राज्य विधिमंडळ अशा दोन्ही ठिकाणी सदस्य राहण्यास मनाई केली. 1950 च्या नियमांनुसार निवड राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून चौदा दिवसांत राज्यातील जागा सोडली नाही, तर संसदेतील जागा रिकामी होते. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मात्र निराळा हिशेब आहे: राज्यसभेचा विद्यमान सदस्य लोकसभेवर निवडून येताच त्याची राज्यसभेची जागा आपोआप रिक्त होते, तर एकाच सभागृहाच्या दोन जागा जिंकून मुदतीत एक न सोडणाऱ्याच्या दोन्ही जागा जातात. या सर्व तरतुदी जिंकल्यानंतरच्या आहेत, उमेदवारीच्या टप्प्याबद्दल त्या काही म्हणत नाहीत.

या मौनाची सर्वाधिक चर्चा झाली ती 17 एप्रिल 1999 रोजी, आणि तीही उमेदवारीवरून नव्हे तर एका मतावरून. ओडिशाचे तत्कालीन मुख्यमंत्री गिरिधर गमांग फेब्रुवारीत शपथ घेऊनही कोरापूटचे खासदार राहिले होते. वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर ते मतदान करू शकतात का, असा आक्षेप लोकसभेत घेतला गेला, तेव्हा पीठासीन अधिकाऱ्यांनी तो निर्णय त्या सदस्याच्याच विवेकबुद्धीवर सोपवला. गमांग यांनी विरोधात मत दिले आणि सरकार 269 विरुद्ध 270 असे पडले. कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्यांची बाजू भक्कम होती, कारण ते विधानसभेचे सदस्यच नव्हते. सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिने मंत्रिपदी राहता येते आणि मनाई आहे ती दोन सदस्यत्वांना, मुख्यमंत्रिपद आणि खासदारकी या जोडीला नाही. तरीही एका राज्याचा कारभार पाहणाऱ्याने केंद्रातील सरकारचे भवितव्य ठरवावे, हे अनेकांना पटले नाही, आणि ते न पटणे समजण्यासारखेच होते. त्याच मतदानात आपल्या पक्षाचा आदेश झुगारून विरोधात मत देणारे आणखी एक खासदार होते, हे मात्र आता क्वचितच कोणाला आठवते. इतक्या गदारोळानंतरही ही फट बुजवणारी दुरुस्ती झाली नाही.

त्याआधी 1996 मध्ये एका उमेदवाराला एका निवडणुकीत जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून उभे राहण्याची मर्यादा घातली गेली आणि रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याचे बंधनही आले. 2004 मध्ये निवडणूक आयोगाने एकाच जागेची मर्यादा सुचवली; ती मान्य नसेल तर पोटनिवडणुकीला कारण ठरणाऱ्या विजेत्याकडून विधानसभेसाठी पाच लाख आणि लोकसभेसाठी दहा लाख रुपये घ्यावेत, असा पर्याय दिला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विषय संसदेचा असल्याचे सांगून दोन जागांविरुद्धची याचिका फेटाळली. या साऱ्या वादात दोन मतदारसंघांच्या प्रश्नाने इतकी जागा व्यापली, की चालू मुदत अर्धवट टाकून दुसरी निवडणूक लढवणाऱ्याचा प्रश्न मागेच पडला.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 1970 पासून आधी राजीनामा, मग उमेदवारी असा कायदा आहे. तोही सोयीने वाकतोच: 2023 मध्ये तेथील गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदाच्या तयारीत असताना त्या पदाच्या उमेदवारांना त्यातून सूट देण्यात आली.

महाराष्ट्रात 2024 मध्ये मतदानापूर्वीच आमदारकी सोडणारे उमेदवारही होते, पण त्यामागे होते ते पक्ष बदलल्याने येणारे पक्षांतरबंदीचे संकट. जिंकलेल्या आमदारांच्या विधानसभेतील जागा जूनमध्ये रिकाम्या झाल्या. सभागृहाची एक वर्षाहूनही कमी मुदत उरली असल्याने सहा महिन्यांचा नियम तेथे लागू होत नव्हता. राज्यसभेच्या महाराष्ट्रातील दोन जागाही याच निकालाने रिकाम्या झाल्या होत्या. त्या ऑगस्टमध्ये बिनविरोध भरल्या गेल्या, तर विधानसभेच्या त्या मतदारसंघांना नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत आमदारच नव्हता.