हवामान व निसर्गचक्रे : नागपूर परिसरातून शालेय अभ्यास

सूर्याकडून येणारी ऊर्जा आणि पाणी, कार्बन, नायट्रोजन यांचे अखंड फिरणे यांतून पृथ्वीचे हवामान घडते. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याला त्यातले काय उमगले पाहिजे, याचा विचार या नोंदीत नागपूरच्या संदर्भाने केला आहे. चक्रांच्या आकृत्या मुलांना पाठ असतात. कोणते चक्र किती वेगाने फिरते, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. ते आधी शिकवायला हवे.

नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो : २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास. मे महिन्यात दुपारी बारा-दहाच्या सुमारास गच्चीवर सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. हा दिवस ऐन नवतप्यातला, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला. पारा सहज ४२ अंशांपलीकडे असतो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंश सेल्सिअसला पोचला होता. जुलैतही किरणे तितकीच सरळ येतात, तरी कमाल तापमान ३१-३२ अंशांच्या आसपास राहते, कारण मोसमी ढग बरेच ऊन परतवतात आणि ओल्या जमिनीवर पडलेली बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ऊर्जेचा ताळेबंद समजावायला याहून चांगले उदाहरण नागपूरच्या शिक्षकाला शोधावे लागणार नाही.

पाण्याचे चक्र दिवसा-आठवड्यांचे आहे. इथे वर्षाकाठी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला मिळते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरले. अशा एका घटनेवरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. त्यासाठी साधारण तीस वर्षांच्या सरासऱ्या लागतात. मात्र हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि सिमेंटच्या रस्त्यांत पाणी मुरत नाही, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याला ठाऊक असाव्यात.

नायट्रोजनचे चक्र शेताच्या बांधावरच दिसते : तुरीचे रोप हलक्या हाताने उपटले की मुळांवर गाठी दिसतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात.

कार्बनपाशी मात्र थांबायलाच हवे. त्याची एक फेरी जलद असते. झाडाने पानातून घेतलेला कार्बन पाचोळा कुजताच हवेत परततो. दुसरी फेरी कोट्यवधी वर्षांची, आणि तिच्या दोन्ही खुणा नागपुरात आहेत. सीताबर्डीची टेकडी ज्या बेसॉल्टची आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतला. त्या उद्रेकांनी हवेत कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि तोच खडक झिजताना हा वायू हळूहळू परत बांधून घेतो. सावनेर, सिल्लेवाडा भागातला कोळसा त्याहून जुना, पंचवीस कोटी वर्षांपलीकडचा. ग्लोसोप्टेरिस जातीच्या झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन गाडला गेला, तो हा. असा कोळसा कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांत जळतो तेव्हा लाखो वर्षांची साठवण क्षणात हवेत जाते, आणि खडकांची झीज त्या वेगाला पुरी पडत नाही. कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवतो, म्हणून त्याच्या वाढीने हवामान तापते. उद्योगपूर्व काळी हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, १९५८ साली ३१५, आज ४२० च्या वर.

‘हवामान तर पूर्वीही बदलत होते’ हा आक्षेप वर्गात येतोच, आणि त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे. पृथ्वीच्या अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या आवर्तनाने बदलतो, कक्षेचा आकार सुमारे एक लाख वर्षांच्या. हिमयुगे त्या चालीने आली-गेली. कार्बन डायऑक्साइडची आताची वाढ दीड-दोन शतकांतली आहे. शिवाय ती कुठून आली हे तपासता येते. कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सर्गी रूपाचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, सुमारे ५,७३० वर्षे असल्याने कोळशात तो उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनमधला त्याचा वाटा या जुन्या कार्बनच्या भरीमुळे घटत गेल्याचे मोजमापांत दिसते.