पहिल्या वर्षाचा लेखन-अभ्यासक्रम: तात्पुरत्या सोयीची दीडशे वर्षे

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना, शाखा कोणतीही असो, एक-दोन सत्रे लेखनाचा अभ्यासक्रम करावा लागतो. बारावीनंतर थेट तिकडे गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो की, संगणकशास्त्र शिकायला आलो, मग हे निबंध कशासाठी? भारतातल्या काही खासगी विद्यापीठांनीही अलीकडे असे वर्ग सुरू केले आहेत. असा अभ्यासक्रम नव्याने मांडायला बसले की एक साचा आपोआप हाती येतो: निबंध लिहून घ्या, चुका लाल करा, गुण द्या, पुढचा निबंध. या साच्याचा उगम हार्वर्डच्या एका अडचणीत आहे. ती अडचण काय होती हे कळले, की त्यातले काय उचलायचे आणि काय टाकायचे हे ठरवता येते.

१८७० पूर्वीच्या अमेरिकन कॉलेजात लेखनाचा वेगळा वर्ग नव्हता. वर्ग लहान, अभ्यास लॅटिन-ग्रीकचा आणि परीक्षा बहुतांशी तोंडी. वक्तृत्वशास्त्र चारही वर्षांत विखुरलेले असे. भाषणे पाठ करणे, वादविवाद करणे आणि अधूनमधून निबंध लिहून मोठ्याने वाचणे, असा तो रिवाज. हार्वर्डमध्ये या विषयासाठी बॉइल्स्टन अध्यासन होते. त्यावर १८०६ मध्ये पहिले नेमले गेले ते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १८५१ पासून पंचवीस वर्षे तिथे फ्रान्सिस चाइल्ड होते. त्यांचा जीव लोकगीतांच्या संशोधनात रमलेला, आणि विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा.

१८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक देण्याचा धडाका लावला. लॅटिन-ग्रीकची पकड सैल झाली, विज्ञान आणि आधुनिक भाषा आत आल्या, लेखी परीक्षा वाढल्या. सगळे शिक्षण इंग्रजीतून होणार, तर इंग्रजी लिहिता आले पाहिजे, हे ओघाने आलेच. एलियट यांनी १८७२ मध्ये आपले वर्गबंधू अ‍ॅडम्स शर्मन हिल यांना बोलावले. हिल कायदा शिकलेले, पण पेशाने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे पत्रकार. लेखनाच्या अभ्यासक्रमावर संपादकाच्या नजरेचा ठसा पडला तो इथून.

१८७४ मध्ये हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आणला. नियम असा: शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि शब्दयोजना यांत निर्दोष असा छोटा निबंध लिहायचा आणि विषय आधी जाहीर केलेल्या साहित्यकृतींतून यायचा. पहिल्या यादीत शेक्सपिअरची तीन नाटके, गोल्डस्मिथची एक कादंबरी आणि स्कॉटच्या दोन कृती होत्या. ही मुले देशातल्या उत्तमोत्तम शाळांतून आलेली. तरी सुमारे निम्मी नापास झाली. ती नापास का झाली हे समजायला नियम पुन्हा वाचावा. चार कसोट्यांपैकी तीन चुका मोजणाऱ्या आहेत. मुद्दा काय, तो कोणाला सांगायचा, पुरावा कोणता, हे त्यात कुठेच नाही. शिवाय महिनाभर आधी वाचलेल्या कादंबरीवर घाईने लिहिताना कोणाचीही वाक्ये अडखळतात. तरीही निकालाचा अर्थ ‘मुलांना लिहिता येत नाही’ असा लावला गेला, आणि पुढची शंभर वर्षे तोच कायम राहिला.

हिल यांचे म्हणणे होते की, लेखनाचा सक्तीचा वर्ग दुसऱ्या वर्षाला आहे तो पहिल्याला आणा, म्हणजे पुढे प्रत्येक विषयात त्याचा उपयोग होईल. १८८५ मध्ये ते झाले आणि ‘इंग्लिश ए’ सुरू झाला. कल्पना तात्पुरत्या डागडुजीची होती: शाळा सुधारल्या की हा वर्ग बंद करायचा. घडले उलट. बाकीचे विषय एकेक करून ऐच्छिक होत गेले आणि १८९७ पर्यंत हार्वर्डमध्ये सक्तीचा म्हणावा असा हा एकच अभ्यासक्रम उरला. त्याचे अनुकरण देशभर झाले.

त्याची रोजची रीत पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी ठरावीक मुदतीत ‘थीम’ म्हणजे छोटा निबंध जमा करी. शिक्षक समासात खुणा करी: एक खूण शुद्धलेखनाची, एक विरामचिन्हाची, एक बेढब वाक्यरचनेची. विद्यार्थी खुणांप्रमाणे दुरुस्त करून कागद परत देई. हिल यांचे सहकारी बॅरेट वेंडेल यांनी वरच्या वर्गात रोज एक पान लिहून घेण्याची प्रथा पाडली. तिचा विषय विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले काहीतरी. मला यातले वेंडेल यांचे पान मोलाचे वाटते. स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर लिहिणारा विद्यार्थी दुसऱ्याची वाक्ये उसनी घेत नाही, आणि पान लहान असल्याने चुकले तरी भीती नसते. येल विद्यापीठात १९०७ च्या सुमारास सुरू झालेला असाच वर्ग आजही चालतो. पण पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांवर हीच पद्धत लादली की वाचायला माणसे पुरत नाहीत.

दुखणे तिथेच होते. मिशिगन विद्यापीठाच्या फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी १८९० च्या दशकात लिहून ठेवले आहे की, एका वर्षात त्यांनी तीन हजारांवर निबंध वाचले, काही दोनदा, आणि त्यांतले बरेचसे २१६ विद्यार्थ्यांच्या एकाच वर्गाचे. १९११ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना शिकागोत स्थापन झाली. तिच्या नियतकालिकाचा पहिला अंक १९१२ मध्ये निघाला. त्यात कॅन्ससच्या एडविन हॉपकिन्स यांचा लेख होता: सध्याच्या परिस्थितीत लेखन चांगले शिकवता येईल का? लेखाचा पहिला शब्द होता ‘नाही’. इतक्या कागदांचा ढीग पुढ्यात असला की शिक्षक सर्वांत पटकन जे होते ते करतो, म्हणजे स्वल्पविराम दुरुस्त करतो. युक्तिवाद कुठे तुटला हे सांगायला वीस मिनिटे लागतात; स्पेलिंगखाली रेघ मारायला दोन सेकंद. लाल शाईचे राज्य आले ते शिक्षकांच्या खाष्टपणापेक्षा या हिशेबामुळे. अनुभवी प्राध्यापक साहित्याच्या वर्गांकडे सरकले आणि हे काम कमी पगाराच्या साहाय्यकांकडे गेले. तिथेच ते बऱ्याच अंशी अजून आहे.

हार्वर्डने दोष शाळांवर ढकलला. १८९२ मध्ये एका समितीने तसा अहवालच दिला. समितीत रेल्वे कंपनीचे माजी प्रमुख, साप्ताहिकाचे संपादक आणि एक राजकारणी. लेखन शिकवणारे कोणी नाही. मिशिगनची वाट वेगळी होती. तिथले प्राध्यापक शाळांना प्रत्यक्ष भेट देत, वर्ग पाहत, आणि मान्य केलेल्या शाळेच्या मुलांना परीक्षेविना प्रवेश मिळे. कॉलेजने वरून परीक्षा लादली की शाळा फक्त त्या परीक्षेची तयारी करतात, हा स्कॉट यांचा आक्षेप. महाराष्ट्रात दहावी-बारावीला निबंध पाठ करणारी मुले पाहिलेल्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

‘पूर्वीची मुले बरी लिहीत’ ही तक्रार प्रत्येक पिढीत येते, म्हणून आकडे पाहावेत. १९१७ च्या पाहणीत पहिल्या वर्षाच्या निबंधांत शंभर शब्दांमागे २.११ चुका सापडल्या. १९३० मध्ये २.२४. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी १९८० च्या दशकात देशभरातले ३,००० निबंध तपासले, तेव्हा २.२६. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २.४५. म्हणजे नव्वद वर्षांत चुकांचे प्रमाण जवळपास तेवढेच. बदलली ती लांबी: सरासरी निबंध १६२ शब्दांवरून २३१, मग ४२२ आणि शेवटी १,०३८ शब्दांवर गेला, आणि लेखनप्रकारही वैयक्तिक अनुभवाकडून संदर्भ देऊन केलेल्या मांडणीकडे वळला. मुले जास्त लांब आणि जास्त अवघड लिहीत होती, तरी चुका फारशा वाढल्या नाहीत.

साच्याला खरा धक्का १९६० नंतर बसला. १९६३ च्या एका मोठ्या संशोधन-आढाव्याने स्पष्ट म्हटले की, व्याकरणाचे सुटे पाठ दिल्याने लेखन सुधारत नाही. लेखनाच्या सरावाचा वेळ त्यात गेला तर नुकसानच होते. १९७१ मध्ये जॅनेट एमिग यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या आठ विद्यार्थ्यांना लिहिताना मोठ्याने बोलायला लावले आणि मन कसे चालते ते टिपले. आधी आराखडा, मग लेखन, मग दुरुस्ती, अशा पुस्तकी क्रमाने कोणी लिहीत नव्हते. याच सुमारास न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाने (सिटी युनिव्हर्सिटीने) १९७० मध्ये शहरातल्या शालान्त उत्तीर्णांना प्रवेश खुला केला. त्याच विद्यापीठाच्या सिटी कॉलेजात मीना शॉनेसी यांनी नव्या मुलांचे सुमारे चार हजार चाचणी-निबंध बारकाईने वाचले. त्यांना आढळले की चुका अंदाधुंद नसतात. एखादा विद्यार्थी क्रियापदाचे भूतकाळी रूप जिथे बोलण्यात ऐकू येत नाही तिथेच गाळतो. दुसरा वाक्य जड व्हावे म्हणून अनोळखी नामे रचतो आणि कर्ता हरवून बसतो. पंचवीस लाल रेघांच्या मागे बहुतेक वेळा दोन-तीनच सवयी असतात.

आज वर्ग सुरू करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात वर्गातच चाळीस मिनिटे लिहून घ्यावे, पण गुण देऊ नयेत. प्रत्येकाच्या दोन-तीन सवयी वहीत नोंदवून ठेवाव्यात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात चार निबंध पुरेत, आणि प्रत्येकाचा एक कच्चा खर्डा झालाच पाहिजे. खर्ड्यावर स्पेलिंगला हात लावू नये. लावला की विद्यार्थी तेवढेच दुरुस्त करून कागद परत आणतो आणि मोडका मुद्दा तसाच राहतो, कारण लाल खूण म्हणजे ‘बाकीचे ठीक आहे’ असा तो अर्थ घेतो. निबंधाच्या सूचना-पत्रात वाचक कोण, हेतू काय, शब्दमर्यादा, किती संदर्भ आणि खर्डा व अंतिम प्रत देण्याच्या दोन्ही तारखा असाव्यात. तिघातिघांच्या गटात परस्परांचे खर्डे वाचायला द्यावेत, पण ‘कसा वाटला’ विचारू नये. उत्तर ‘छान’ येते. ‘मुख्य मुद्दा ज्या वाक्यात सापडला त्याखाली रेघ मार’ असे सांगावे. दोघांनी दोन वेगळ्या वाक्यांखाली रेघ मारली की लेखकाला काय ते कळते. आपल्याकडून गेलेल्या मुलांना संदर्भ देण्याची रीत पहिल्या महिन्यातच हाताने करून शिकवावी. मार्गदर्शकातली वाक्ये जशीच्या तशी लिहिल्यावर शाळेत गुण मिळालेले असतात, आणि तिकडे त्याच सवयीला चोरी म्हणतात.

कोणाला कोणत्या वर्गात बसवायचे, हा प्रश्न १८७४ पासूनचाच. प्रवेशचाचणीत कमी पडलेल्यांना बिनश्रेयांकाच्या वर्गात टाकले की बरीच मुले मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोचतच नाहीत. मिशिगनच्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाने १९९६ मध्ये निवड विद्यार्थ्यांवरच सोपवली: अपेक्षा समजावून सांगितल्या आणि ज्याने त्याने ठरवले. बाल्टिमोर परगण्याच्या कम्युनिटी कॉलेजने २००७ पासून अशा मुलांना थेट नेहमीच्या वर्गात बसवले आणि त्याच शिक्षकाकडे त्यांचा जादा तास ठेवला. दुसरा उपाय खर्चिक, पण अधिक भरवशाचा.

राहिला शिक्षकाचा वेळ. महाविद्यालयीन लेखन-शिक्षकांच्या संघटनेची शिफारस वर्गात जास्तीत जास्त २०, शक्यतो १५ विद्यार्थी आणि एका शिक्षकाकडे सत्रात ६० पेक्षा जास्त नकोत, अशी आहे. हिशेब असा: खर्ड्याला २० मिनिटे, अंतिम प्रतीला १०, चार निबंध, ६० विद्यार्थी, एकूण १२० तास, म्हणजे आठवड्याला आठ. विद्यार्थी १०० झाले की आठवड्याला तेरा तासांवर जाते आणि तास घेण्याचे काम वेगळेच. संख्या कमी करणे हाती नसेल तर निबंध तीनच ठेवावेत, खर्डा मात्र काढू नये. एका निबंधाच्या वेळी लेखी शेऱ्यांऐवजी आठवडाभर वर्ग बंद ठेवून प्रत्येकाशी १५ मिनिटे समोरासमोर बोलावे. वीस जणांना पाच तास लागतात. बोलताना विद्यार्थ्याने आपला परिच्छेद स्वतः वाचायचा आणि पेन्सिलही त्याच्याच हातात द्यायची.