सावता माळ्याची मिरची आणि उपवासाचा बटाटा

'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' हा सावता माळ्याचा अभंग ऐकला नाही असा मराठी माणूस विरळा. त्याच्या पुढच्याच ओळीपाशी मात्र सहसा कुणी थांबत नाही. 'लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी.' सावतोबांनी अरण गावी समाधी घेतली ती 1295 मध्ये. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला 1492 मध्ये, वास्को द गामा कोझिकोडला उतरला 1498 मध्ये, पोर्तुगिजांनी गोवा घेतले 1510 मध्ये. मग अरणच्या मळ्यात तेराव्या शतकात मिरची कुठून आली? माझा अंदाज साधा आहे. अभंग पिढ्यान् पिढ्या तोंडी फिरला, गाणाऱ्यांच्या मळ्यात मिरची आली आणि मळ्यातून ती अभंगातही शिरली. इतकी बेमालूम, की आज ती परकी आहे हे सांगावे लागते.

आपल्या भाजीचा इतिहास बराचसा असाच आहे. जुने काय आणि नवे काय, हे ताटाकडे पाहून ओळखता येत नाही. व्रतवैकल्यांकडे पाहून थोडेफार ओळखता येते, पण तीही वेळोवेळी फसवतात.

मुळात भाजी कशाला म्हणायचे? वनस्पतिशास्त्रात असा काही वर्गच नाही. वांगे, भेंडी, दोडका, टोमॅटो ही सगळी त्या शास्त्राच्या लेखी फळे. अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथल्या 1883 च्या कायद्याने आयात भाज्यांवर जकात लावली, फळांना मात्र सोडले. न्यू यॉर्कच्या जॉन निक्स नावाच्या व्यापाऱ्याने, टोमॅटो हे फळ आहे, आमची जकात परत द्या, असा दावा लावला. 1893 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की शास्त्रात ते फळ असेलही, पण लोक ते जेवणात भाजीसारखे खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे. तेव्हा जकातीपुरती ती भाजीच. म्हणजे भाजी कोणती हे शेवटी स्वयंपाकघर ठरवते.

आपल्याकडे हे आधीपासूनच मान्य होते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात शाकाचे, म्हणजे भाजीचे, सहा प्रकार दिले आहेत: पान, फूल, फळ, देठ, कंद आणि संस्वेदज, म्हणजे अळंबी. यातला पुढचा प्रकार आधीच्यापेक्षा पचायला जड. झाडाचा कोणता भाग खायचा आणि तो पोटाला कसा, एवढ्यावर ही विभागणी उभी आहे. पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी हे आपले मंडईतले शब्दही त्याच वळणाचे.

पण याच ग्रंथाने भाज्यांना जे झोडपले आहे ते वाचून आजचा आहारतज्ज्ञ हबकेल. भाजीने शरीर व हाडे झिजतात, डोळे बिघडतात, कांती, रक्त, बुद्धी, स्मृती सगळ्याचा नाश होतो आणि सर्व भाज्यांत रोग वसतात, म्हणून शहाण्याने त्या टाळाव्यात असे तिथे चक्क श्लोकात म्हटले आहे. पालेभाजी डोळ्यांसाठी खा असे सांगणाऱ्या आजच्या पोषणशास्त्राच्या बरोबर उलट! अर्थात त्याच ग्रंथात एकेका भाजीचे गुणही सांगितले आहेत, त्यामुळे हा सरसकट निषेध कितपत पाळला गेला असेल याची मला शंकाच आहे. चरकसंहितेतला सल्ला अधिक कामाचा वाटतो: पाला उकडावा, त्याचे पाणी पिळून काढावे आणि मग भरपूर स्नेह, म्हणजे तेल-तूप, घालून खावा. आजच्या कसोटीला यातले अर्धे उतरते. अळूसारख्या पानांत ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खवखवतो. शिजवल्याने आणि पाणी टाकल्याने हा त्रास कमी होतो. पानांतल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते कॅरोटीन अंगी लागायला तेल-तूप लागतेच, म्हणून फोडणी ही नुसती चैन नव्हे. पण पिळून टाकलेल्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही निघून जाते, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

मिरची आणि बटाटा येण्याआधी इथे लोक काय खात होते? उत्खननातून याचे उत्तर अर्धेच मिळते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण युगातले जव, मसूर, कुळीथ सापडले, कारण जळलेला दाणा हजारो वर्षे टिकतो. पाला टिकत नाही. हरियाणातल्या फरमाना इथल्या हडप्पाकालीन भांड्यांत वांगे, आले आणि हळद यांचे पिष्टकण मिळाले ते सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणून वांग्याला साडेचार हजार वर्षांचा दाखला आहे. वांगे खरोखर आपल्या भूमीतले. गंमत म्हणजे टोमॅटो, बटाटा, मिरची ही त्याचीच भावंडे, पण ती सगळी समुद्रापलीकडची.

आणि नेमके हेच वांगे चातुर्मासात वर्ज्य! आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-वांगे मनसोक्त खाऊन घ्यायचे आणि मग थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांग्याची तोंडभेट घ्यायची, अशी अनेक घरांची रीत. उलट एकादशीच्या ताटात काय असते पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची: चारही अमेरिकेची. राजगिऱ्याचे दाण्यासाठी लावले जाणारे वाण तिकडचे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा साबुदाणा थांबला आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने वाढले. या ताटात जुने म्हणून दाखवता येईल ते वरीचे तांदूळ, शिंगाडा आणि सुरण. यात ढोंग काही नाही. निषेधाची यादी जुन्या पदार्थांची होती. तिच्यात ज्यांची नावेच नव्हती ते नवे पाहुणे बिनदिक्कत आत आले.

जुना थर पाहायचा तर ऋषिपंचमीची भाजी पाहावी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा दंडक. म्हणून अळू, माठ, अंबाडी, सुरण, शिराळी, पडवळ, काकडी अशा परसात, कुंपणावर, वेलीवर आलेल्या भाज्या एकत्र शिजवायच्या, त्याही जवळजवळ बिनमसाल्याच्या. नांगराआधीच्या, हाताने खुरपून किंवा नुसते खुडून खाण्याच्या काळाची आठवण या एका पदार्थात टिकली आहे असे मानायला जागा आहे. तिच्यातही मक्याची कणसे आणि लाल भोपळा हवाच, आणि हे दोघेही अमेरिकन, हा भाग वेगळा. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर बांधतात ती माटोळी याच जातीची: रानातली आणि परसातली फळे, कंद, शेंगा यांचे छतच. तिथल्या खतखते या मिश्र भाजीत तिरफळाच्या वासाखाली जुने कंद आणि नवे बटाटे-गाजर एकाच भांड्यात नांदतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी देशावरची: पावटा, वांगी, ओला हरभरा, गाजर, वर तिळाचे कूट आणि सोबत बाजरीची भाकरी. थंडीत शेतात जे आहे ते सगळे एका कढईत.

मिरची पोर्तुगिजांबरोबर लवकर आली आणि लवकर रुळली, कारण ती कुठेही उगवते, वाळवून वर्षभर ठेवता येते आणि काळ्या मिऱ्यासारखी विकत आणावी लागत नाही. बटाट्याला वेळ लागला. तो पोर्तुगीज किनाऱ्यावर आधी आला असला तरी त्याचा खरा प्रसार इंग्रजांनी केला. या कामात सरकारी बागांचा वाटा मोठा. पुण्याजवळ दापोडीला अशी बाग होती. 1838 ते 1847 या काळात अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर तिचे प्रमुख होते आणि जुन्नरकडे हिवऱ्याला दुसरी बाग होती. परदेशी झाडे इथल्या हवेत जगतात का हे पाहणे आणि रोपे-बियाणे पुढे देणे हे त्यांचे काम. फ्लॉवरही एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत येऊन मग इथल्या उन्हाला सरावला. टोमॅटो बराच काळ साहेबाच्या टेबलावरच राहिला. लाल रंगामुळे जुन्या घरांत त्याला मज्जाव असे, आणि त्याची गरजही नव्हती: आंबटपणाला चिंच, आमसूल, कैरी, अंबाडी, चुका होतेच. आज मात्र कित्येक घरांत कांदा-टोमॅटो परतल्याशिवाय भाजी सुरूच होत नाही, आणि कोकम उरले ते आमटी नि सोलकढीपुरते. चवीचे हे सपाटीकरण मला तरी खटकते.

भाजी दूरवरून शहरात येऊ लागली ती रेल्वेबरोबर. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट 1869 चे. पुण्याची मंडई 1886 मध्ये उघडली, तेव्हा तिचे नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे घराणे माळ्याचे, भाजीपाला आणि फुलांचे व्यवहार त्यांना घरचे होते, तेव्हा हा विरोध भाजीवाल्यांविषयीच्या तुच्छतेतून आला असे कुणी म्हणू शकणार नाही. पुढे आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले.

पोषणाचा हिशेब भाजीच्या वाट्याला आला तो यानंतर. 'व्हिटॅमिन' हा शब्द कासिमिर फुंक यांनी 1912 मध्ये घडवला. 1918 मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. 1958 मध्ये ती हैदराबादला हलली आणि तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. कुन्नूरहूनच 1937 मध्ये डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले, आणि माठ-शेवग्यासारख्या परसातल्या पाल्यालाही आकड्यांत मोल आले. या संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतल्या 2000 कॅलरीच्या नमुना ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही फळे व भाज्या मिळून किमान 400 ग्रॅम सांगते, पण बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद ती त्यात धरत नाही. डब्यातल्या बटाट्याच्या काचऱ्यांनी भाजीचा कोटा भरत नाही, तो पोळीच्याच खात्यात जातो. बटाटा बाजारात जिंकला तो टिकतो, शीतगृहात राहतो आणि ट्रकमध्ये चेंगरत नाही म्हणून. माठाची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते, तिचा व्यापार कोण करणार?

आता उलटा प्रवाह थोडा दिसतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवड्यासारख्या भाज्यांची गावठी वाणे जपून बियाणे बँक उभी केली. त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. कृषी विभाग पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो. ठाणे, पालघर, रायगडच्या डोंगरांतून ठाकर, कातकरी, वारली बायका टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कंटोली घेऊन शहराच्या स्टेशनांबाहेर बसतात. या भाज्या विकत घेणे सोपे, रांधणे तितके सोपे नाही: काही कोवळ्याच खायच्या, काहींचे शिरे नि दांडे काढायचे, काहींचे पहिले पाणी टाकायचे. चरकाचा उकडून पिळण्याचा सल्ला कोणत्या पाल्याला लागू आणि कोणत्याला नाही, हे त्या टोपलीमागे बसलेल्या बाईला नेमके ठाऊक असते, तेव्हा विचारून घ्यावे. आणि शेवळं घेतलीत तर त्यांच्यासोबतची काकडं, ही आंबट रानफळंही, मागून घ्या. त्यांच्याशिवाय केलेल्या भाजीने घसा धरतो.