लीन पद्धत (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअर लिहून वापरणाऱ्याच्या हाती देणे आणि ते रोज चालते ठेवणे, या दोन्ही कामांत वाया जाणारा वेळ व श्रम शोधून ते थोडेथोडे कमी करत राहण्याची पद्धत. नावातला ‘लीन’ हा शब्द इंग्रजी असून त्याचा अर्थ सडपातळ, चरबी नसलेला. ‘चरणी लीन’ मधल्या लीनशी त्याचे नाते नाही, तरी मराठी कान पहिल्यांदा तिथे अडखळतोच. माणूस किती गुंतलेला आहे हे मोजायचे सोडून काम किती वेळ थांबून आहे हे मोजायचे, हा या पद्धतीचा गाभा.

उसाचा दाखला

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात हे समजायला पुस्तक लागत नाही. ऊस तोडला की घड्याळ सुरू होते. तोडलेल्या उसाचे वजन घटते, साखर कमी होते, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) पडतो. म्हणून तोडल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत तो गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या तोंडाशी, पडावा असा प्रयत्न असतो. तोडणीच्या टोळ्या वाढवल्या आणि गाळपाची क्षमता तेवढीच राहिली, तर साखरेचे पोते एकही वाढत नाही. आवारातली ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग तेवढी लांबते. बैल वाढे चघळत उभे, ड्रायव्हर ट्रॉलीच्या सावलीत आडवा, आणि वर ऊस वाळतो आहे. टोळीचा मुकादम मात्र आज किती टन तोडला याचाच आकडा सांगणार, आणि तो खोटाही नसतो.

लिहून झालेला पण वापरात न आलेला कोड (संगणकासाठी लिहिलेल्या सूचना) म्हणजे आवारातला हा ऊस. सांगलीत साठवणीची दुसरीही परंपरा आहे: हरिपूर आणि सांगलवाडीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकायची. कोड असा पेवात टिकतो, अशी पुष्कळ व्यवस्थापकांची समजूत असते. तो टिकत नाही. तो पडून असताना शेजारचा कोड बदलतो, लिहिणाऱ्याच्या डोक्यातून बारकावे जातात, ज्याने मागितले त्याची गरज निराळी होते, आणि शेवटी जोडायला घेतल्यावर दोन दिवस जुळवाजुळवीत जातात. शिवाय उसाची रांग रस्त्यावरून दिसते. कोडची रांग संगणकात असते, म्हणून तिच्यावर कोणी ओरडत नाही.

उगम

ही पद्धत आली टोयोटा या जपानी मोटार कंपनीतून, आणि टोयोटाचे घराणे मूळचे मागवाले. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचा एक मोठा गुण असा, की धागा तुटला की माग आपणहून थांबे. विट्याच्या यंत्रमागवाल्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही. बाणा तुटूनही माग चालत राहिला तर पुढचे सगळे कापड खराब. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाच्या मोटार कारखान्यांत ताइची ओनो यांनी याला दुसरे अंग जोडले: पुढच्या टप्प्याने मागितले तेवढेच आणि मागितले तेव्हाच मागच्या टप्प्याने बनवायचे. ही मागणी कळवणारी चिठ्ठी म्हणजे कानबान. रोजच्या कामात सतत केलेल्या लहान सुधारणांना काइझेन म्हणतात.

या सगळ्याला ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफचिक यांच्या लेखातून मिळाले. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी २००३ मध्ये ही तत्त्वे सॉफ्टवेअरला लावून दाखवली. कारखान्यात साठून राहिलेला माल म्हणजे इथे अर्धवट काम, गरजेपेक्षा जास्त उत्पादन म्हणजे कोणी न मागितलेल्या सुविधा, मालाची ने-आण म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळणारी माहिती. जून २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी आपण दिवसातून दहाहून अधिक वेळा नवा कोड वापरात आणतो, असे एका परिषदेत मांडले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट येथे पॅट्रिक डेब्वा यांनी भरवलेल्या परिषदेतून ‘डेव्हऑप्स’ (सॉफ्टवेअर लिहिणारे आणि चालवणारे यांनी मिळून काम करणे) हा शब्द रूढ झाला.

एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. सांगली-मिरज भागातल्या एमआयडीसीत फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत) आणि काइझेनचे फलक अनोळखी नाहीत. यंत्रावर उभ्या असलेल्या बापाला जे पाठ आहे, तेच पोराला पुण्याच्या ऑफिसात नवा अमेरिकी शोध म्हणून शिकवले जाते.

प्रतीक्षेचा हिशेब

पहिली पायरी म्हणजे एका बदलाचा जन्मापासूनचा प्रवास कागदावर काढणे. समजा, ऊसाचे वजन झाल्यावर शेतकऱ्याला जो मेसेज जातो त्यात वाहनाचा नंबरही यावा, अशी मागणी आली. कोड लिहायला ३ तास, दुसऱ्याने तपासायला अर्धा तास, चाचणीला २ तास, वजनकाट्यावरच्या संगणकात चढवायला अर्धा तास; एकूण ६ तास. पण मंजुरीसाठी ५ दिवस गेले, तपासणाऱ्याला सवड मिळेपर्यंत ३, चाचणी करणारा एकच म्हणून ६, आणि ‘सगळे बदल महिनाअखेरीला एकदम’ या रिवाजापायी आणखी १०. कामाचे २४ दिवस, ८ तासांच्या हिशेबाने १९२ तास, नुसते थांबण्यात. प्रत्यक्ष कामाचा वाटा जेमतेम ३ टक्के. अशा वेळी कोड लिहिणाऱ्याला ‘जरा हात चालव’ म्हणून काही हाती लागत नाही. त्याने ३ तासांचे काम दीड तासात केले तरी शेतकऱ्याला फरक कळणार नाही.

रांगेचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. आवक-जावक स्थिरावलेली असेल, तर रांगेतली सरासरी संख्या म्हणजे कामाचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. आवारात ३०० वाहने असतील आणि तासाला २५ रिकामी होत असतील, तर वाहन सरासरी १२ तास अडकते. चमूकडे ३० कामे उघडी असतील आणि आठवड्याला ५ पुरी होत असतील, तर प्रत्येक काम सरासरी ६ आठवडे घेणार. म्हणून कामे टप्प्यांच्या रकान्यांत मांडणाऱ्या कानबान फलकावर प्रत्येक रकान्याला मर्यादा घालतात: चाचणीत एका वेळी तीनच कामे, चौथे आत येणार नाही. मर्यादा गाठली की कोड लिहिणाऱ्याने नवे काम न उचलता चाचणीला हातभार लावायचा. हा नियम पाळणे कागदावर वाटते त्याहून फार अवघड असते, कारण रिकामा बसलेला माणूस साहेबाला दिसतो आणि थांबलेले काम दिसत नाही.

माणसे शंभर टक्के गुंतवण्याचा अट्टहासही इथेच उघडा पडतो. रांगांच्या साध्या गणिती प्रतिमानात काम करणारा ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळाच्या ४ पट असते. ९५ टक्के गुंतला की १९ पट.

थांबवण्याची मुभा

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कोणताही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो आणि दोष वेळेत सुटला नाही तर साखळी थांबते. सॉफ्टवेअरमध्ये ही दोरी आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या हाती असते. बदल आला की चाचण्या चालतात, एक जरी फसली तरी कोड पुढे जात नाही, आणि आधी ते दुरुस्त करायचे असा संकेत असतो.

दोरी नसली तर काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचे. नवा कोड आठ सर्व्हरवर (सेवा चालवणाऱ्या संगणकांवर) हाताने चढवताना एक राहून गेला. त्यावर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड पडून होता आणि तो जागा झाला. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले. हाताने केलेली नक्कल, न काढलेला मेलेला कोड आणि पटकन थांबवण्याची सोय नसणे, हे तिन्ही दोष एकाच सकाळी एकत्र आले.

घोटाळा झाल्यावर ‘कोणी केले’ विचारले की पुढच्या वेळी माहिती दडपली जाते. त्यामुळे ‘असे का होऊ शकले’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारत मुळापर्यंत जायचे, दोषी माणूस शोधायचा नाही, अशी शिस्त पाळतात.

चालवण्याचे काम

सॉफ्टवेअर चालते ठेवण्यात हाताने करायची तीच ती कामे सर्वांत जास्त वेळ खातात: सर्व्हर पुन्हा सुरू करणे, अडकलेले मेसेज पुन्हा पाठवणे. गूगलमध्ये २००३ मध्ये बेन ट्रेनर स्लॉस यांनी सुरू केलेल्या विभागात अशा कामांना निम्म्या वेळाची कमाल मर्यादा घातली गेली. उरलेला वेळ ती कामे कायमची संपवण्यासाठी. तिथलाच दुसरा संकेत म्हणजे चुकांचे बजेट, म्हणजे किती बिघाड चालेल याची आधी ठरवलेली मर्यादा. ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील असे ठरवले, तर ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद पडायची मुभा उरते. ती शिल्लक असेल तोवर नवे बदल करावेत, संपली की आधी डागडुजी.

धोक्याच्या इशाऱ्यांबाबत सांगलीकराला वेगळे धडे नकोत. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पण जाणता माणूस पुलावर जाण्याआधी विचारतो, ‘कोयनेतून किती क्युसेक सोडलंय?’ पाणी सातारा जिल्ह्यातून इथवर यायला काही तास लागतात आणि तेवढ्यात सामान माळ्यावर चढते. सर्व्हरची डिस्क, म्हणजे माहिती साठवायची जागा, भरल्यावर वाजणारी घंटा पुलाजवळची. डिस्क कोणत्या वेगाने भरते आहे यावर लावलेली घंटा कोयनेची.

मोजमाप चार आकड्यांत करतात: किती वेळा बदल वापरात येतात, कोड तयार झाल्यापासून वापरात यायला किती वेळ लागतो, किती बदल बिघडतात, बिघाड किती वेळात सावरतो. निकोल फॉर्सग्रेन आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून हे आकडे रूढ झाले. मात्र पगारवाढ त्यांना बांधली की आकडे सुधारतात आणि काम तिथेच राहते.

आक्षेप

मोटारीचा दरवाजा हजारदा तसाच बनवायचा असतो, कोड एकदाच लिहायचा असतो. म्हणून कारखान्याची उपमा मर्यादेपलीकडे ताणू नये, हा आक्षेप रास्त आहे. नव्या गोष्टीचा शोध घेताना लागणारी भटकंती वाया गेलेला वेळ नसते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘लीन’च्या नावाखाली माणसे कमी केली जातात, उरलेल्यांवर दुप्पट भार येतो, आणि वरच्या गणितानुसार रांगा आणखी लांबतात. त्याला लीन म्हणणे चूकच.

हंगामाची अडचण

साखर कारखान्यासारख्या हंगामी उद्योगात एक खास पेच येतो. गाळप सुरू असताना काट्याच्या सॉफ्टवेअरला हात लावू नये, असा अलिखित नियम असतो. काटा अर्धा तास बंद म्हणजे रांग गेटच्या बाहेर. साहजिकच वर्षभराचे सगळे बदल साचतात आणि मोळी टाकण्याच्या, म्हणजे गाळप सुरू होण्याच्या, आदल्या रात्री एकदम चढवले जातात. पहिल्या आठवड्यात काही बिघडले, तर चाळीस बदलांपैकी नेमका कोणता नडला हे शोधत बसावे लागते, तेही रांग उभी असताना. लीन पद्धतीत उन्हाळ्यात यंत्रांची ओव्हरहॉलिंग चालू असतानाच बदल एकेक करून चढवतात आणि गेल्या हंगामातल्या नोंदी त्यांतून पुन्हा चालवून वजने, पावत्या, मेसेज ताडून पाहतात. हंगामात बदल करणे भागच पडले, तर चार काट्यांपैकी एकावर, दुपारच्या निवांत वेळी, आणि जुनी आवृत्ती शेजारी तयार ठेवून. काटा क्लार्कला एवढेच सांगितलेले असते, की पावती संशयास्पद वाटली तर कोणाला फोन न करता जुन्यावर परत जायचे; फोन नंतर करायचा.