पन्नासवरून दहावर: डिझेलमधल्या सल्फरची गोष्ट

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये 1 टक्का, म्हणजे 10,000 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा हजार भाग) सल्फर चालत असे. 2000 मध्ये ही मर्यादा 2,500 वर आली. 2010 मध्ये भारत स्टेज 4 चं, म्हणजे वाहनांच्या धुरावरच्या मर्यादांच्या चौथ्या पायरीचं, 50 पीपीएमचं डिझेल 13 शहरांना मिळालं. त्यात पुणे होतं, सोलापूरही होतं. मधल्या यवत, भिगवण, इंदापूरच्या वाट्याला मात्र 350 पीपीएमच. हडपसरला शिरणाऱ्या ट्रकने टाकी कुठे भरली, यावर त्याचा धूर ठरायचा. शहरांना एक इंधन आणि महामार्गाला दुसरं, ही आखणी मुळातच चुकीची होती. ती 2017 पर्यंत चालली.

खरा वाद पेटला तो जानेवारी 2016 मध्ये. आधीच्या तज्ज्ञ समितीने स्टेज 5 साठी 2020 आणि स्टेज 6 साठी 2024 सुचवलं होतं. केंद्राने पाचवी पायरीच गाळली आणि 1 एप्रिल 2020 पासून थेट सहावी आणली. एवढ्या उडीला वेळ अपुरा आहे, ही वाहन कंपन्यांची तक्रार पोकळ नव्हती. नव्या मर्यादांसाठी डिझेल गाडीच्या धुरातली काजळी गाळणीत अडकवावी लागते. ही गाळणी म्हणजे चिनी मातीचं, एकाआड एक भोकं बुजवलेलं मधाचं पोळंच. साठलेली काजळी जाळायला उष्णता लागते, आणि विद्यापीठ चौकातल्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापत नाही. असं तंत्र आपल्या रस्त्यांवर पारखायला वेळ हवा, हे चाकण-पिंपरीतले अभियंते सांगत होते ते खरंच होतं.

पण या वादात एक मुद्दा कायम मागे पडला. पाचवी असो वा सहावी, इंधन एकच: 10 पीपीएम. सल्फर जास्त असलं की गाळणीवरचं प्लॅटिनम निकामी होतं, म्हणून आधी डिझेल सुधारणं भागच होतं. रिफायनरीत डिझेल हायड्रोजनसोबत तापवून कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. सल्फर वायू होऊन निघून जातं. शेवटचे काही पीपीएम चिवट असतात, कारण त्या रेणूंत सल्फरच्या दोन्ही बाजूंना मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट) आडवे येतात आणि उत्प्रेरकाला तिथवर पोचता येत नाही. त्यासाठी दाब आणि हायड्रोजन, दोन्ही वाढवावे लागतात. हा खर्च पाचव्या पायरीलाही टळला नसता. मग गाड्यांसाठी आणखी 4 वर्षं थांबणं म्हणजे तेच स्वच्छ डिझेल जास्त धूर सोडणाऱ्या इंजिनांत जाळणं.

तो हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायूपासूनच बनतो, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड रिफायनरीतूनच बाहेर पडतो.